वर्धा नदीच्या रेतीतली पाखरं : ओळख पाहिजे

काठावरचा
१६ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव वणी आणि वरोऱ्याच्या मधे, वर्धा नदीच्या काठावर. अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. शेताला पाणी नदीचं. होळीच्या आसपास नदी आटत आटत मधल्या धारेत जाते आणि आमचा फुटवॉल, म्हणजे मोटरीच्या पाईपच्या पाण्यातल्या टोकाची झडप (गावात सगळे फुटबॉलच म्हणतात, दुकानदारसुद्धा) उघडा पडतो. मग दर आठ-दहा दिवसांनी एकेक पाईप वाढवत रेतीतून आत आत जायचं. या आठवड्यात लाईन (वीज) पहाटेची आहे, त्यामुळे साडेपाचला मी नदीत. मोटर पाणी उचलेपर्यंत करायचं काय, म्हणून पाखरं पाहायला लागलो. तो नाद आता मोटरीपेक्षा जास्त वेळ खातो.

खंड्या, कवड्या खंड्या, पाणकावळे, राखी बगळा, काळे शराटी एवढे ओळखता येतात. हिवाळ्यात चक्रवाकाची दोन जोडपी होती, ती फेब्रुवारी सरता सरता गेली. आता दोन पाखरांशी अडलंय.

एक, चिमणीहून जरा मोठं, रेतीच्याच रंगाचं. बसलं की गायब. परवा तीस-चाळीस पाखरांचा थवा माझ्या डोळ्यांदेखत उतरला आणि पापणी लवायच्या आत नुसती रेती उरली. उडतं पाकोळीसारखं, तेव्हा पंखाखाली काळं-पांढरं चमकतं.

दुसरं पांढुरकं-राखाडी. डोक्यावर काळी टोपी, चोच हळदीसारखी पिवळी, शेपटीची दोन लांब टोकं. खाली मान घालून धारेवरून फिरतं आणि एकदम धपकन पाण्यात पडतं.

मोबाईलने फोटो काढलेत, पण त्यात पाखरू शोधणाऱ्याला माझ्याकडून चहा.

टिटवीपुराण
१६ मार्च, रात्री १०.१५

वा! फोटोची गरजच नाही, वर्णनच पुरे. पहिला छोटा आर्ली. संध्याकाळी उशिरा थांबून पाहा, उडता उडता पाण्यावरचे किडे टिपतो. दुसरा नदी सुरय. हिवाळ्यात तलावांवर दिसतो तो कल्लेदार सुरय वेगळा, त्याची शेपटी एवढी दुभंगलेली नसते आणि चोचही अशी पिवळीधमक नसते.

नदी सुरय नीट सांभाळून पाहा हो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत तो आता असुरक्षित गटात आहे. नद्यांवरची त्याची घरं म्हणजे नुसती रेती, आणि रेतीला भाव आला.

वऱ्हाडी ठेचा
१६ मार्च, रात्री ११.०२

फुटबॉल वाचून ठार झालो. आमच्याकडेही तेच. एकदा मिस्त्रीला फूटव्हॉल्व म्हणालो तर म्हणे, "थो कोणता?"

मामातलाव
१७ मार्च, सकाळी ७.३०

मी अर्जुनी मोरगावकडचा, आमच्याकडे तलाव जास्त. प्रश्न नदीचाच आहे, म्हणून इथेच विचारतो. परवा एका ओढ्याच्या तोंडाशी खडकावर काळपट विष्ठा दिसली, सगळी माशाच्या खवल्यांनी भरलेली. वास असा की दोन पावलं मागे सरलो. मुंगूस का?

टिटवीपुराण
१७ मार्च, सकाळी ८.१०

खवलेच खवले आणि तो वास, म्हणजे पाणमांजर असण्याची शक्यता मोठी. ते एकाच जागी वारंवार येऊन बसतात. पहाटे लांबून नजर ठेवा. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे आर्लीवाल्यांची गर्दी होऊ द्या.

काठावरचा
२ एप्रिल, दुपारी ३.२५

मंडळी, लॉटरी लागली! अंडी सापडली!

नदी आता दोन धारांत वाहते, मधे रेतीचं बेट. आज अकराच्या सुमारास पाईप ओढत होतो तर पायापासून हातभर अंतरावर ही अंडी. घरटं म्हणावं असं काहीच नाही, नुसता तळहाताएवढा खळगा. आर्लीची दोन अंडी, मातकट, वर तपकिरी ठिपके, रेती सांडावी तसे. मी आधी खडेच समजलो होतो.

मग चुलतभावाचा कॅमेरा मागवला आणि चाळीस मिनिटं तिथेच बसून फोटो काढले. तेवढ्यात एक आर्ली समोर आला, एक पंख रेतीत घासत, लंगडत. वाटलं जखमी आहे. उचलून घरी न्यावा म्हणून मागे गेलो, तर पन्नास पावलांवर भुर्रकन उडाला, पंख एकदम ठणठणीत! त्याचा व्हिडिओ आहे. आणखी एक गंमत. पलीकडे टिटवी पाण्यात पोटापर्यंत बसायची, उठून अंड्यांवर जाऊन बसायची, पुन्हा पाण्यात. तिलाही ऊन लागत असेल बिचारीला.

फोटो खाली टाकतो. गुगल मॅपचा पत्ताही देतो, कुणाला यायचं असेल तर या, जेवण माझ्याकडे.

टिटवीपुराण
२ एप्रिल, दुपारी ३.५०

फोटो सुरेख आहेत. पण पत्ता आधी काढा. आत्ता काढा, मग पुढे बोलू.

काठावरचा
२ एप्रिल, दुपारी ३.५८

काढला. काय झालं?

टिटवीपुराण
२ एप्रिल, दुपारी ४.४०

रागावू नका, तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. एकेकाळी केलंही आहे.

तो आर्ली जखमी नव्हता. तुम्हाला अंड्यांपासून दूर न्यायला नाटक करत होता. कुत्रा, कोल्हा समोर आला तरी हेच करतो. तुम्ही त्याच्या मागे गेलात तेव्हा त्याच्या दृष्टीने काम फत्ते झालं होतं. पण मग तुम्ही परत येऊन तिथेच बसलात.

आणि टिटवी. तिला अंगाला गारवा नको होता. पोटाची पिसं भिजवून ते पाणी ती अंड्यांकडे नेत होती. रेतीत घरटं करणारी बरीच पाखरं असं करतात, सुरयसुद्धा. जानेवारीत अंड्यांना ऊब लागते, एप्रिलात सावली. तुमच्याकडे आज किती तापलं होतं?

काठावरचा
२ एप्रिल, दुपारी ४.५२

४२. रेतीवर चप्पल काढून उभं राहवत नव्हतं.

कोंबडखुराडा
२ एप्रिल, रात्री ८.२०

पाखरांतलं मला काही कळत नाही, पण अंड्यातलं कळतं. आमची छोटी हॅचरी आहे. मशीन ३७.५ वर असतं. एकदा रात्री थर्मोस्टॅट अडकला, काटा चाळीसच्या वर जाऊन बसला आणि सकाळपर्यंत अख्खा ट्रे गेला. फोडून पाहिलं तर आतली पिल्लं पूर्ण झालेली, पण मेलेली. गार पडलेलं अंडं कधीकधी वाचतं हो, तापलेलं वाचत नाही. तुमच्या रेतीला थर्मोस्टॅट म्हणजे ते पाखरूच. त्याला चाळीस मिनिटं उठवून ठेवलं तर मशीन बंद पडल्यासारखंच झालं.

नागपुरी ठसका
२ एप्रिल, रात्री ९.०५

अरे काय बे, एका माणसाने दोन फोटो काढले तर कोर्ट भरवलं! तिथे रात्रभर टिप्पर चालतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चालतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. आधी ते थांबवा, मग आम्हाला शिकवा.

पऱ्हाटीवाली
२ एप्रिल, रात्री ९.३०

ठसकाभाऊ, ट्रॅक्टरवाला इथे धागा वाचायला येत नाही. आपण येतो. ट्रॅक्टर सगळ्यात मोठं संकट आहे हे कोण नाकारतंय? पण ट्रॅक्टर वाईट म्हणून आपले पाय चांगले होत नाहीत.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात शिकारीची व्याख्या वाचा. पक्ष्यांची अंडी फोडणंच नाही, अंडी किंवा घरट्याला त्रास देणंही शिकारीत मोडतं. हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. काठावरचा यांना घाबरवायला लिहीत नाही.

काठावरचा
९ एप्रिल, सकाळी ७.४५

मधे लिहावंसं वाटलं नाही.

आर्लीची ती दोन अंडी गेली. लांबूनच रोज पाहत होतो, त्यावर कुणी बसलेलं एकदाही दिसलं नाही. आज पाईपकडे जाताना नजर टाकली तर मुंग्यांची रांग लागलेली. फोटो काढला नाही.

आता काठावरच्या दरडीवरून पाहतो. आमच्याकडे काळ्या मातीची उभी दरड आहे, वेड्या राघूंची बिळं असलेली. तिथे बोरीच्या सावलीत बसलं की सगळं बेट दिसतं. चुलतभावाकडून दुर्बीण आणली, तिच्यावर ८×४२ लिहिलंय. त्याचा अर्थ कुणी सांगेल?

सुरयची घरटी मोजली, म्हणजे बसलेली पाखरं मोजली. सात. आर्लीची मोजता येत नाहीत, अकरा म्हणतो. टिटवीची दोन.

टिटवीपुराण
९ एप्रिल, सकाळी ८.३०

८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तितका उजेड जास्त, पहाटे कामाचं.

लिहीत राहा. तुम्ही पाहिलेलं वाया गेलेलं नाही. आमच्यासारखे शहरातले लोक या दिवसांत नदीवर जातच नाहीत. शासनाचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. तेव्हा हवा छान असते, शाळांच्या सहली येतात, पाहुणी बदकं आलेली असतात. रेतीतल्या पाखरांचं बाळंतपण मात्र मार्च ते जून, ऐन भट्टीत. तेव्हा त्यांचे पाहुणे फक्त तुम्ही, ट्रॅक्टर आणि डांगरवाडीवाले, म्हणजे रेतीत टरबूज-काकडी लावणारे.

पऱ्हाटीवाली
९ एप्रिल, सकाळी ९.१५

आणि रेतीघाटांना नदीत उपसाबंदी कधी? पावसाळ्यात. म्हणजे बेट पाण्याखाली असतं तेव्हा. जेव्हा त्यावर अंडी असतात तेव्हा रान मोकळं. नदीचं पात्र सांभाळायला तो नियम ठीकच आहे, पण तो करताना पाखरांना कुणी विचारलेलं दिसत नाही.

वऱ्हाडी ठेचा
९ एप्रिल, सकाळी १०.४०

टिटवीची अंडी किती? आमचे आबा त्यावरून पाऊस सांगायचे. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. उंचावर घातली तर पूर येणार, खोलात घातली तर दुष्काळ.

टिटवीपुराण
९ एप्रिल, सकाळी ११.००

ठेचाभाऊ, टिटवी बहुतेक वेळा चारच घालते. त्यामुळे आबा बहुतेक वेळा आशावादी निघायचे. :)

काठावरचा
११ एप्रिल, रात्री ८.१०

डांगरवाडीवरून आठवलं, आज तिथल्या मावशीशी बोललो. बेटाच्या खालच्या अंगाला एका भोई कुटुंबाची डांगरवाडी आहे, टरबूज आणि काकडी. पलीकडच्या गावची माणसं, दरसाल येतात. रेतीत ओल लागेपर्यंत खड्डे घ्यायचे, शेणखत भरायचं, बी टोकायचं, वाऱ्याच्या बाजूने पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) रोवायच्या. एप्रिलात माल निघतो. पऱ्हाट्यांचीच खोपडी घालून तिथेच राहतात.

मी दुर्बीण घेऊन बसलेला पाहून मावशी दरडीखाली आली. "काऊन रे बाबू, रोज काय पाह्यतं तिकडं?" सांगितलं. तर म्हणे, "थे तं दरसाली येतेत. आमी तिकडचे खड्डे सोडून देल्ले. पाखरू बसून रायते तं खड्डा कसा खंदाचा?"

नीट पाहिलं. वाडीच्या वरच्या टोकाला खरंच दोन ओळी अर्ध्यावर सोडलेल्या आहेत. शेणखत टाकलेलं, बी नाही.

मग विचारलं, कुत्र्याचं काय? त्यांच्याकडे एक पिवळा कुत्रा आहे, नदी आटल्यापासून बेटावर सहज जातो. मावशी हसली. "त्याले माईत हाये अंडे कुठं हायेत थे. आमाले नाई माईत एवढं." उद्यापासून सकाळी बांधून ठेवते म्हणाली. रात्री सोडावाच लागतो, रानडुकरं टरबूज फोडतात. माझ्याकडे एक जुना दोर होता, तो दिला.

नागपुरी ठसका
११ एप्रिल, रात्री ८.४५

मावशीला आमचा नमस्कार सांगा. हे आवडलं.

मामातलाव
१२ एप्रिल, सकाळी ६.५०

आमच्याकडे सारसाच्या बाबतीत असंच आहे. ज्या बांधीत घरटं असतं तिथला धान शेतकऱ्याने राखला तर पिल्लू निघतं, नाहीतर नाही. फरक इतकाच की सारसाला सगळे ओळखतात, तुमच्या आर्लीला आम्ही शेजारी असून ओळखत नाही.

काठावरचा
१४ एप्रिल, सकाळी ८.३०

रात्री पाणी आलं.

पाऊस नाही, काही नाही. वरून सोडलं. कुठल्याशा योजनेच्या पाण्याची पाळी होती म्हणे. गावाला कुणी सांगितलं नव्हतं, निदान माझ्यापर्यंत आलं नाही. पहाटे चारला लाईन आली म्हणून उठलो आणि दरडीवरूनच आवाज ऐकला, नदी वाहत असल्याचा. एप्रिलात.

मोटर वाचली. फुटवॉल दोन पाईपांसह वाहून गेला, मैलभर खाली बाभळीत अडकलेला सापडला. डांगरवाडीचा खालचा भाग गेला, खोपडीत गुडघाभर पाणी शिरलं. मावशी आणि तिचा मुलगा टरबुजं वेचून दरडीवर टाकत होते, कच्चीसुद्धा.

उजाडल्यावर बेट पाहिलं. तीन हिस्से पाण्यात. सुरय वरून फिरत होते आणि ओरडत होते. एकाने माझ्या डोक्यावर झडप घातली, टोपी उडाली. उंच पाठीवरची सुरयची दोन घरटी तेवढी राहिली. टिटवीचं एक. आर्लीचं एकही दिसलं नाही.

वऱ्हाडी ठेचा
१४ एप्रिल, सकाळी ९.२०

समुद्राने अंडी नेली तेव्हा टिटवी गरुडाकडे गेली होती म्हणतात. तुमचा गरुड कोण?

काठावरचा
१४ एप्रिल, दुपारी १.१०

एका कार्यालयात अर्ज देऊन आलो, मावशीच्या मुलाला बरोबर घेऊन. टरबुजाचं नुकसान लिहिलं. पाखरांचंही लिहिलं, तर साहेबाने तेवढं वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे खोडा, बाकी अर्ज बरोबर आहे." खोडलं नाही. पोच घेतली. पाणी सोडायच्या आधी दोन दिवस गावात दवंडी द्या एवढंच मागितलं.

पऱ्हाटीवाली
१४ एप्रिल, दुपारी १.४०

पोच घेतलीत हे फार बरं केलंत. पोच जपून ठेवा.

टिटवीपुराण
१४ एप्रिल, रात्री ९.००

एक गोष्ट सांगतो, दिलासा म्हणून नाही. अंडी लवकर गेली तर सुरय आणि आर्ली बऱ्याचदा दुसऱ्यांदा घालतात. पाणी उतरू द्या आणि दहा-बारा दिवस दरडीवरूनच पाहा. पाईप टाकायला रेतीत जावंच लागेल, तर पहाटे उजाडताच जा आणि ऊन चढायच्या आत परत या.

काठावरचा
२७ एप्रिल, सकाळी ७.२०

टिटवीपुराण, तुमच्या तोंडात साखर पडो.

पाणी उतरलं आणि बेटाचा आकारच बदलला. जुनी पाठ तशीच, खालच्या बाजूला नवी स्वच्छ रेती येऊन पडली. त्या नव्या रेतीवर सुरय बसलेत, चार. जुन्या पाठीवरच्या दोन घरट्यांतून पिल्लं निघालीत. तीन पिल्लं मोजली, पण ती मोजणं म्हणजे आर्ली मोजण्याहून वाईट. आई मासोळी घेऊन उतरली तरच रेतीचा एक ढेकूळ चालायला लागतो. उन्हात माझ्या जुन्या पाईपच्या सावलीत जाऊन बसतात. तो पाईप आता मी हलवत नाही, दुसरा विकत आणला. बायको म्हणते, पाखरांना पाईप घेऊन देणारा तालुक्यात तू एकटाच.

आर्ली परत आलेत, पण बेटावर नाहीत. वरच्या अंगाला बसतात. तिकडून रात्रीचे ट्रॅक्टर जातात. चाकाच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या रेतीत एक घरटं दुर्बिणीतून दिसलं. दोन्ही बाजूंना चाकोरी आणि मधे ते.

नागपुरी ठसका
२७ एप्रिल, सकाळी ८.००

चाकोरीच्या मधे? आई शप्पथ.

मी पहिल्यांदा जे बोललो ते अजून तसंच वाटतं, ट्रॅक्टर आधी. पण एक विचारतो. तिथे काही रोवता येईल का, ज्याने ट्रॅक्टर वळेल?

काठावरचा
२८ एप्रिल, रात्री ९.३०

मावशीने तेच केलं, मला विचारलंही नाही. वाहून आलेल्या पऱ्हाट्या आणि बाभळीचे काटे चाकोरीवर टाकून ठेवले, घरट्याच्या बऱ्याच अलीकडे. टायरात काटा गेला की टायर बसतो, हे ड्रायव्हरला कायद्यापेक्षा लवकर कळतं. ट्रॅक्टर आता पलीकडच्या कडेने जातात. थांबले नाहीत, वळले.

टिटवीपुराण
२० मे, रात्री १०.०५

काय खबर? आमच्याकडे ४५ आहे.

काठावरचा
२१ मे, सकाळी ६.४०

इथे परवा ४६ होतं. दुपारी दरडीवर बसवत नाही, पाच-सहा दिवस नुसतं सकाळी पाहिलं. पहिली तीन पिल्लं उडाली. दोन नक्की, तिसरं त्यांच्यात मिसळलंय असं धरतो. नव्या रेतीवरच्या चारपैकी तीन घरट्यांत पिल्लं आहेत. चौथ्याचं काय झालं कळलं नाही. घोरपडीचा माग दिसला, दरडीपर्यंत आलेला. चाकोरीतला आर्ली उठून गेला, अंडी फुटून पिल्लं निघाली असावीत. कवचाचे तुकडे होते आणि मुंग्या नव्हत्या.

मावशी परवा वाडी आवरून गेली. जाताना दोर परत दिला आणि एक टरबूज. कुत्रा बैलगाडीत बसून गेला.

मामातलाव
२१ मे, सकाळी ७.१५

तिकडे पाणमांजराचा धागा काढलाय, दोन फोटोही आहेत. तुमच्यामुळे मीही आता लांबूनच पाहतो. म्हणून फोटो वाईट आलेत.

काठावरचा
९ जून, सकाळी ९.५०

मिरगाचा पाऊस काल संध्याकाळी पडला. रात्रीतून धार हातभर चढली. आता नदी भरायच्या आत पाईप आणि फुटवॉल वर काढायचे, दरसालचं काम. सकाळी गड्याला घेऊन गेलो.

नव्या रेतीवरची पिल्लं मोठी झालीत. पाठीवर तपकिरी खवले-खवले, चोच पिवळी पण टोकाला काळी, शेपटी अजून आखूड. दोघं पाईपवर बसली होती, एक जॉइंटवर आणि एक पुढे. आई वरून मासोळी घेऊन फिरत होती, खाली देत नव्हती, या आणि घ्या म्हणून.

गडी म्हणाला, काढू का पाईप? म्हटलं, थांब. घरी जाऊन चहा पिऊन आलो. तरी बसलेलीच होती.